हेस्टर बेटमन

हेस्टर बेटमन (१७०८ – १६ सप्टेंबर १७९४) या अठराव्या शतकातील लंडनमधील चांदीकामाच्या एका नामवंत पेढीच्या संस्थापक होत्या. पतीच्या निधनानंतर वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांनी स्वतःच्या नावाचा ठसा नोंदवला. त्यानंतर सुमारे तीस वर्षे त्यांनी चमचे, साखरचिमटे, मीठदाण्या, चहादाण्या आणि चर्चमधील पूजापात्रे घडवणारा मोठा कारखाना चालवला. इंग्लिश स्टर्लिंग चांदीच्या जुन्या चमच्यांचे संग्राहक ज्या नावांचा प्रथम शोध घेतात, त्यांत बेटमन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्यामागे त्यांची मुले, सून आणि नातू यांनी ही पेढी एकोणिसाव्या शतकातही चालू ठेवली.

पूर्वायुष्य

हेस्टर यांचा जन्म १७०८ साली लंडनमध्ये एका सामान्य कुटुंबात झाला. त्यांचे माहेरचे आडनाव नीडहॅम असे होते. त्यांचे शालेय शिक्षण झाले नव्हते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नसावे असे अभ्यासक मानतात. त्या काळी इंग्लंडमधील श्रमजीवी वर्गातील बहुसंख्य स्त्रियांची स्थिती अशीच होती.

१७३२ साली त्यांचा विवाह जॉन बेटमन यांच्याशी झाला. जॉन हे सोन्याच्या साखळ्या व तारकाम करणारे कारागीर होते. मोठ्या पेढ्यांनी दिलेली कामे आपल्या घरी करून द्यावीत आणि त्यावर मजुरी घ्यावी, असा त्यांचा व्यवसाय होता. या दांपत्याला जॉन, लेटिशिया, ॲन, पीटर, विल्यम आणि जोनाथन ही सहा अपत्ये झाली. पुढे हे कुटुंब लंडन शहराच्या उत्तर सीमेजवळील बनहिल रो या रस्त्यावर स्थायिक झाले. ज्या बनहिल फील्ड्स दफनभूमीत जॉन बन्यन व डॅनियल डिफो यांच्या समाधी आहेत, ती याच रस्त्यालगत आहे. कारागिरांच्या घरी राहती जागा आणि कर्मशाळा एकच असे. त्यामुळे भट्टी, ऐरण, कानस आणि उजाळा देण्याची साधने यांच्या सान्निध्यातच हेस्टर यांचा संसार झाला.

वैधव्य आणि ठशाची नोंदणी

नोव्हेंबर १७६० मध्ये जॉन बेटमन यांचे क्षयाने निधन झाले. आपली हत्यारे पत्नीला मिळावीत अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती. कारागिराच्या घरात हत्यारे हीच खरी स्थावर-जंगम मालमत्ता असे. ती विकून काही काळ निर्वाह करावा किंवा ती हाती घेऊन धंदा पुढे चालवावा, असे दोन मार्ग विधवेपुढे होते. हेस्टर यांनी दुसरा मार्ग पत्करला.

इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यानुसार विवाहित स्त्रीची मिळकत व कमाई पतीच्या अधिकारात असे. विधवेला मात्र स्वतःच्या नावाने करार करता येई, मालमत्ता बाळगता येई आणि व्यवसाय चालवता येई. यामुळे अठराव्या शतकातील लंडनच्या चांदीव्यवसायात स्वतःच्या ठशाने काम करणाऱ्या ज्या स्त्रिया आढळतात, त्यांपैकी अनेक विधवा आहेत. लुईझा कोर्टोल्ड आणि एलायझा गॉडफ्री ही त्यांतील ठळक नावे होत. मात्र या दोघींच्या पतींच्या पेढ्या आधीच प्रतिष्ठित होत्या. हेस्टर यांना वारशाने हत्यारे मिळाली. नावलौकिक त्यांना स्वतः मिळवावा लागला.

१६ एप्रिल १७६१ रोजी त्यांनी गोल्डस्मिथ्स हॉल येथे आपला ठसा नोंदवला. एच आणि बी ही दोन वळणदार जोडलेली इंग्रजी अक्षरे, असे त्याचे स्वरूप होते. पुढील वर्षांत त्यांनी थोड्याफार फरकाने असेच आणखी काही ठसे नोंदवले. मराठी वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर, ही नोंद पानिपतच्या तिसऱ्या युद्धानंतर तीन महिन्यांनी झाली. त्या वेळी नागपूरच्या गादीवर जानोजी भोसले होते आणि माळव्यात अहिल्याबाई होळकर यांचा राज्यकारभार सुरू व्हायला अजून काही वर्षे होती.

ठशांची व्यवस्था

हेस्टर बेटमन यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी इंग्लिश चांदीवरील ठशांची व्यवस्था माहीत असणे आवश्यक आहे. शुद्ध चांदी मऊ असते. तिचा चमचा वापरात लवकर वाकतो. म्हणून तिच्यात तांबे मिसळतात. एक हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग मुख्यतः तांबे, या प्रमाणाला स्टर्लिंग म्हणतात. मिश्रणात तांबे किती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे ग्राहकाची फसवणूक टाळण्यासाठी इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून सरकारी नियमांखाली कस लावण्याची पद्धत आहे. लंडनमध्ये हे काम गोल्डस्मिथ्स कंपनी या सोनारांच्या जुन्या श्रेणीकडे होते. या श्रेणीच्या सभागृहात, म्हणजे हॉलमध्ये, मारलेला ठसा तो हॉलमार्क. आज भारतीय सराफ बाजारात रूढ झालेल्या या शब्दाचा उगम येथे आहे.

कारागीर वस्तू घडवून तिच्यावर प्रथम आपला ठसा मारी आणि ती अपुऱ्या उजाळ्याच्या स्थितीत हॉलकडे पाठवी. तेथे वस्तूचा थोडा कीस काढून त्याचा कस लावला जाई. कस उतरला तर पुढील ठसे मारले जात. न उतरल्यास वस्तू मोडून परत केली जाई. अठराव्या शतकातील लंडनच्या चमच्यावर साधारणतः पुढील ठसे आढळतात.

पहिला ठसा कारागिराच्या किंवा पेढीच्या आद्याक्षरांचा. ही पद्धत १३६३ पासून आहे. दुसरा बिबट्याच्या मुखाचा. तो १३०० सालच्या कायद्याने आला आणि पुढे लंडनच्या कसोटी कार्यालयाची खूण ठरला. अठराव्या शतकात या मुखावर मुकुट असे. तिसरा पाऊल उचलून चालणाऱ्या सिंहाचा. तो १५४४ पासून असून स्टर्लिंग शुद्धतेची ग्वाही देतो. चौथा वर्षाक्षराचा. १४७८ पासून दरवर्षी एक अक्षर ठरवले जाई आणि वीस अक्षरांचे एक आवर्तन पूर्ण झाले की अक्षराचे वळण बदलून नवे आवर्तन सुरू होई. १७७६ ते १७९५ या आवर्तनात इंग्रजीतील लहान लिपीची ए ते यू ही अक्षरे, जे वगळून, वापरली गेली. हे अक्षर मे महिन्याच्या अखेरीस बदलत असल्यामुळे एक अक्षर दोन इसवी सनांत विभागलेले असते.

पाचवा ठसा राजाच्या मुखाचा. १ डिसेंबर १७८४ पासून चांदीच्या वस्तूंवर प्रति औंस सहा पेन्स कर लागू झाला आणि तो भरल्याची पावती म्हणून हा ठसा सुरू झाला. तो १८९० पर्यंत चालू होता. अगदी सुरुवातीच्या काळात राजाचे मुख खोलगट उमटत असे आणि १७८६ पासून ते उठावदार झाले. त्यामुळे खोलगट मुखाचा ठसा असलेला चमचा फार थोड्या महिन्यांच्या अवधीतील आहे, हे तत्काळ ओळखता येते.

या ठशांची नक्कल करणे हा गंभीर गुन्हा होता. १७५८ पासून त्यासाठी देहान्त शिक्षेची तरतूद होती. १७७३ मध्ये ती सौम्य करून चौदा वर्षांची हद्दपारी ठेवण्यात आली. निरक्षर मानल्या गेलेल्या एका विधवेची दोन अक्षरे या कठोर व्यवस्थेच्या नोंदवहीत कायमची उमटली, म्हणूनच आज तिचे काम वेगळे ओळखता येते.

व्यवसायाची वाढ

१७६१ नंतरची बारा-तेरा वर्षे हेस्टर यांच्या ठशाच्या वस्तू कमी प्रमाणात आढळतात. या काळात पेढी मुख्यतः इतर चांदीव्यावसायिकांची कामे करून देत असे. अशा वस्तू ज्या पेढीसाठी घडवल्या जात, तिचा ठसा मूळ ठशावर मारला जाई. काही जुन्या चमच्यांवर भिंगातून पाहिले असता दुसऱ्या ठशाखाली दबलेली एच-बी अक्षरे दिसतात, ती याच काळाची साक्ष देतात. १७७४ च्या सुमारापासून मात्र त्यांचा ठसा ठळकपणे व मोठ्या संख्येने आढळू लागतो. पेढी आता दुसऱ्यांच्या नावामागे राहिली नव्हती.

मुलगे पीटर आणि जोनाथन हे आईच्या हाताखाली कारखान्यात काम करीत. जोनाथन यांच्या पत्नी ॲन या फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट निर्वासितांच्या वंशातील होत्या. या ह्यूगनॉट समाजात उत्तम चांदीकारागिरांची मोठी परंपरा होती. कुटुंबीयांशिवाय उमेदवार आणि पगारी कारागीरही कारखान्यात होते.

पेढीच्या भरभराटीमागे काळाची अनुकूलता आणि हेस्टर यांचा व्यवहार या दोहोंचा वाटा आहे. इंग्लंडमध्ये मध्यमवर्ग वाढत होता आणि त्याला सरदारांच्या घरी असतात तशा वस्तू आपल्या ऐपतीत हव्या होत्या. त्याच वेळी शेफील्ड आणि बर्मिंगहॅम येथे तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पातळ थर चढवून बनवलेली भांडी स्वस्तात मिळू लागली होती. १७७३ साली या दोन्ही शहरांत स्वतंत्र कसोटी कार्यालये सुरू झाली. लंडनच्या जुन्या पद्धतीच्या कारागिरांपुढे हे मोठे आव्हान होते.

बेटमन पेढीने त्याला तोंड देताना चांदीची शुद्धता कमी केली नाही. ती कायद्याने करताही आली नसती. तिने चांदीचे वजन आणि श्रमाचे तास कमी केले. पोलादी रुळांतून लाटलेला पातळ पत्रा, यंत्राने पाडलेली जाळी आणि यंत्राच्या साह्याने उठवलेल्या मण्यांच्या कडा यांचा तिने उपयोग केला. त्यामुळे खऱ्या चांदीची सुबक वस्तू मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात आली. जड भांड्यांऐवजी हलकी, साध्या रेषेची आणि थोड्याच जागी नाजूक नक्षी असलेली भांडी ही या पेढीची ओळख बनली. ग्रीक व रोमन कलेच्या प्रभावाखाली त्या काळी आलेल्या नव्या अभिरुचीशी ही साधी घडण जुळणारी होती.

१७८४ हे वर्ष या व्यवसायासाठी विशेष ठरले. त्या वर्षी ब्रिटिश संसदेने चहावरील कर सुमारे ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला. ईस्ट इंडिया कंपनीने चीनमधून आणलेला चहा त्यामुळे सर्वसामान्य घरांत पोहोचला. चहा आला की चहादाणी, दुधाचा लहान तांब्या, साखरेचे पात्र, साखरचिमटा आणि चहाचे चमचे यांची मागणी वाढणे ओघानेच आले. त्याच वर्षी चांदीवर नवा करही बसला. तो वजनावर आकारला जात असल्यामुळे हलक्या वस्तू बनवणाऱ्या पेढीला त्याची झळ तुलनेने कमी पोहोचली.

चमचे

हेस्टर बेटमन यांच्या पेढीची सुरुवात चमच्यांनी झाली आणि संग्राहकांच्या दृष्टीने आजही चमचे हेच त्यांचे सर्वांत सुलभ काम आहे. त्या काळी चमचा ओतून बनवत नसत. चांदीच्या छोट्या कांबीला ऐरणीवर ठोकून आकार दिला जाई. ठोकताना चांदी ताठर होते, म्हणून ती वारंवार तापवून मऊ करावी लागे. एका टोकाचा भाग चपटा करून, शिशाच्या ठोकळ्यावर पोलादी ठशाने दाबून त्याला वाटीसारखी खोली दिली जाई. नंतर कानशीने कडा साफ करून उजाळा देत. हातघडणीमुळे दांडीची जाडी सर्वत्र सारखी नसते. जिथे ताण येतो, त्या दांडी आणि वाटी यांच्या सांध्याशी धातू मुद्दाम जाड ठेवलेला असतो.

पेढी सुरू झाली तेव्हा हॅनोव्हरियन नावाची घडण मागे पडत होती. या घडणीत दांडीचे टोक वरच्या बाजूला वळलेले असे आणि चमचे मेजावर पालथे ठेवण्याची रीत असल्याने मालकाची आद्याक्षरे दांडीच्या मागच्या बाजूस कोरली जात. १७६० च्या सुमारास ओल्ड इंग्लिश ही घडण प्रचारात आली. तिच्यात टोक खालच्या बाजूला वळते, चमचा उताणा ठेवला जातो आणि अक्षरे पुढच्या बाजूस कोरली जातात. मेजावरची रीत बदलली आणि तिच्याबरोबर चमच्याचे टोक व कोरीव अक्षरे यांच्या जागा बदलल्या. बेटमन यांचे बहुतेक चमचे ओल्ड इंग्लिश घडणीचे आहेत. त्यांच्या दांडीच्या कडेला कधी पिसासारख्या तिरप्या रेषा, कधी बारीक मणी आणि १७८० नंतर पुष्कळदा चमकदार छिन्नीकाम आढळते. छिन्नीकामात उजाळा दिलेल्या पोलादी छिन्नीने तिरके काप घेतात. प्रत्येक कापाची बाजू लहान आरशासारखी प्रकाश परावर्तित करते.

ठशांची जागाही काळ सांगते. १७८० च्या थोड्या पुढेपर्यंत लंडनच्या चमच्यांवरील ठसे दांडीच्या मागे, वाटीजवळच्या अरुंद भागात मारले जात. त्या ठिकाणी ते दबून विकृत होत आणि पुष्कळदा वाचता येत नाहीत. पुढे ते दांडीच्या रुंद टोकाकडे, एका ओळीत मारले जाऊ लागले. त्यामुळे बेटमन यांच्या कारकिर्दीतील चमच्यांचे खालच्या ठशांचे आणि वरच्या ठशांचे असे दोन गट पडतात.

आकारानुसार पाहता जेवणाचा मोठा चमचा सुमारे २१ ते २२ सेंटिमीटर लांबीचा आणि साधारण दोन ट्रॉय औंस वजनाचा असतो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, जुन्या मापाने अडीच तोळ्यांहून थोडे अधिक. म्हणजे असा चमचा पाच-सहा तोळ्यांचा भरतो. चहाचा चमचा सुमारे बारा-तेरा सेंटिमीटरचा व एक तोळ्याच्या आसपास असतो. यांखेरीज रस्सा वाढण्याचे लांब दांडीचे चमचे, मीठ व मोहरीचे लहान चमचे, डब्यातील चहा काढण्याचे आखूड चमचे आणि हाडातील मगज काढण्याच्या अरुंद पळ्या असे अनेक प्रकार पेढीने बनवले.

निवृत्ती आणि वारसा

१७९० साली, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, हेस्टर बेटमन कामातून निवृत्त झाल्या. डिसेंबर १७९० मध्ये पीटर व जोनाथन यांनी आपला संयुक्त ठसा नोंदवला. मात्र एप्रिल १७९१ मध्ये जोनाथन यांचे निधन झाले. त्यामुळे या दोघा भावांचा ठसा केवळ काही महिने वापरात राहिला आणि आज तो सर्व बेटमन ठशांत दुर्मीळ मानला जातो.

आईवर तीस वर्षांपूर्वी जी वेळ आली होती, तीच आता सुनेवर आली. ॲन बेटमन यांनीही सासूचाच मार्ग धरला. मे १७९१ मध्ये दीर पीटर यांच्यासह त्यांनी नवा ठसा नोंदवला. १८०० साली ॲन यांचे पुत्र विल्यम यांचे नाव त्यात आले. १८०५ मध्ये ॲन निवृत्त झाल्या आणि पीटर व विल्यम यांचा ठसा सुरू झाला. १८१५ पासून विल्यम यांनी स्वतंत्र ठशाने काम केले. एका कुटुंबाचा ऐंशी वर्षांचा इतिहास असा ठशांच्या क्रमाने वाचता येतो. १८०२ साली या पेढीने वाफेच्या बळावर चालणारे पत्रा लाटण्याचे यंत्र बसवले. हेस्टर यांनी स्वीकारलेल्या यांत्रिक पद्धतीचा हा पुढचा टप्पा होता.

हेस्टर बेटमन यांचे १६ सप्टेंबर १७९४ रोजी लंडनमध्ये निधन झाले.

मूल्यमापन

हयातीत हेस्टर बेटमन या यशस्वी व्यावसायिक म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी दरबारी किंवा राजघराण्याच्या चांदीकारागीर अशी त्यांची ख्याती नव्हती. एकोणिसाव्या शतकात त्यांचे नाव बहुतांशी विस्मरणात गेले. विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेतील संग्राहकांमुळे, त्यांच्या कामाला नव्याने मागणी आली. १९५९ साली डेव्हिड शुअर यांनी त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच त्यांना इंग्लिश चांदीकारागिरांची राणी हा किताब दिला. लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम तसेच वॉशिंग्टन येथील नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्स येथे त्यांच्या ठशाच्या वस्तू आहेत.

या कीर्तीबरोबर काही प्रश्नही उपस्थित झाले. हेस्टर यांनी किती वस्तू स्वतःच्या हातांनी घडवल्या, हा त्यांतील प्रमुख प्रश्न होय. एच-बी ठशाच्या वस्तूंची मोठी संख्या पाहता त्या सर्व एका व्यक्तीने घडवणे अशक्य आहे. तथापि कारागिराचा ठसा ही चित्रकाराच्या सहीसारखी गोष्ट नव्हे. वस्तूच्या शुद्धतेची कायदेशीर जबाबदारी कोणाची, एवढेच तो सांगतो. त्या काळातील प्रसिद्ध पुरुष कारागिरांच्या ठशाखालीही अनेक हातांचे काम असे, आणि त्यांच्याबाबत हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. हेस्टर यांचे कर्तृत्व त्यांनी उभारलेल्या व तीन दशके चालवलेल्या पेढीवरून जोखावे, असा आजच्या अभ्यासकांचा कल आहे. दुसरीकडे, त्यांच्या नावामुळे साध्या वस्तूंनाही समकालीन कारागिरांच्या तितक्याच चांगल्या कामापेक्षा अधिक किंमत पडते, ही टीकाही रास्त मानली जाते.

संग्राहकांच्या दृष्टीने

बेटमन चमच्याची पारख करताना ठसा हा पहिला निकष असला तरी शेवटचा नव्हे. वाटीचे टोक वापराने झिजून एका बाजूला चपटे झाले आहे का, दांडीवरील जुनी आद्याक्षरे खरवडून काढल्यामुळे तेथील पत्रा पातळ झाला आहे का आणि ठसे स्पष्ट आहेत का, हे पाहिले जाते. मूळ मालकाची अक्षरे शाबूत असलेला चमचा संग्राहक अधिक पसंत करतात, कारण ती पुसलेली नाहीत याचा अर्थ धातू घासला गेलेला नाही.

व्हिक्टोरियन काळात अनेक साध्या चमच्यांच्या वाटीत फळे-पाने उठवून आणि सोन्याचा मुलामा देऊन ते नव्या रुचीनुसार बदलण्यात आले. काही चमच्यांचे काटे बनवले गेले. अशा वस्तूंवरील ठसे खरे असतात, परंतु वस्तू मूळची राहिलेली नसते. जुन्या चमच्याचा ठशाचा तुकडा कापून दुसऱ्या भांड्यात बसवण्याचे प्रकारही घडले आहेत. अशा ठिकाणी वस्तूवर वाफ सोडली किंवा फुंकर मारली असता जोडाची रेषा दिसून येते.

जुन्या चांदीचा सर्वांत मोठा शत्रू मात्र बनावटगिरी नसून आटणी हा आहे. चांदीचा भाव चढला की साधे, एकटे राहिलेले किंवा झिजलेले चमचे मोडीत निघतात. घडणावळ वजा होते आणि उरते ते केवळ वजन. महाराष्ट्रातील घराघरांतील चांदीच्या पळ्या, पंचपात्री आणि अत्तरदाण्या यांच्या वाट्यालाही हेच आले. त्यांच्यावर कारागिराचे नाव वा वर्ष नसल्यामुळे त्या आटल्या म्हणजे त्यांच्या कर्त्याचा मागच उरत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांनी दिवे, अडकित्ते, पळ्या अशा घरगुती वस्तू जपल्या, म्हणून त्या कारागिरीचा काही अंश तरी आज पाहावयास मिळतो.

भारताशी संबंध

ब्रिटिश अधिकारी, पलटणींची भोजनगृहे आणि संस्थानिक यांच्यामार्फत इंग्लिश चांदीची भांडी भारतात आली. त्यांच्या धर्तीवर भारतातही चमचे घडू लागले. कोलकात्याची हॅमिल्टन अँड कंपनी आणि मद्रासची पी. ऑर अँड सन्स या त्यांतील प्रमुख पेढ्या होत. भारतात इंग्लंडसारखी सक्तीची कसोटी व्यवस्था नसल्यामुळे या पेढ्या स्वतःचे नाव व आपल्या निवडीच्या खुणा वापरत. त्या खुणा लंडनच्या ठशांसारख्या भासल्या तरी त्यांना शुद्धतेची सरकारी ग्वाही नव्हती. भारतातील जुन्या चमच्याची पारख करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

यांपैकी हॅमिल्टन पेढीचे नाव नागपूरच्या इतिहासातही येते. तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निवर्तल्यावर त्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८५५ साली भोसले घराण्याचे जडजवाहीर कोलकात्यात लिलावाने विकण्याचे काम याच पेढीकडे आले.

आज भारतात भारतीय मानक ब्युरोमार्फत चांदीच्या वस्तूंचे हॉलमार्किंग होते आणि त्यात ९२५ ही स्टर्लिंगची प्रत समाविष्ट आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होतो आणि त्यानुसार अशा पुरावशेषांची देशाबाहेर खाजगी निर्यात करण्यास मनाई आहे.